वाकडा ओंडका जपून ठेवा: घरी कापलेल्या लाकडाची नाताळची घसरगाडी

मी केलेल्या पहिल्या घसरगाडीचं नाक पहिल्याच नाताळात तुटलं. गाडी हातभर पुढे सरकवायची होती, म्हणून वर वळलेली दोन्ही टोकं धरून उचलली, आणि डावं टोक हातातच आलं. तुटलेली कड बिस्किट मोडावं तशी स्वच्छ होती, एकही तंतू लोंबत नव्हता. रुंद सरळ फळीवर वळण आखून मी ती घसरपट्टी (चाकांऐवजी गाडीखाली असते ती, पुढे वर वळलेली पट्टी) कापून काढली होती. फळीतले तंतू सरळ धावत होते आणि माझी पट्टी मात्र वर वळत होती, त्यामुळे नाकाशी तंतूंचे बोटभर लांबीचे आडवे तुकडे तेवढे उरले. तंतूंच्या दिशेने लाकूड दोरासारखं चिवट असतं, आडवं पापडासारखं मोडतं.

दुसऱ्या खेपेला घसरपट्ट्या वाकड्या ओंडक्यातून काढल्या. झाड जिथे स्वतःच वळलेलं असतं तिथे तंतूही त्या वळणाबरोबर वळलेले असतात. लाकडी जहाजं बांधणारे कारागीर कोपऱ्यांचे आधार फांदीच्या बेचक्यातून आणि बुंध्याच्या बाकातून काढत, ते याचसाठी. सॉमिलमध्ये अशा ओंडक्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. सरळ फळ्या निघत नाहीत म्हणून तो सरपणात जातो. घरी लाकूड कापण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. सरळ फळी विकत मिळते, वळणाबरोबर तंतू वळलेली फळी मिळत नाही.

घाट आणि मापं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्याच्या घसरगाड्यांचे दोन घाट रूढ होते, ऑल्बनी आणि पोर्टलंड. ऑल्बनीच्या बाजू पोट सुटल्यासारख्या फुगीर. नाताळच्या चित्रांत सांताक्लॉज बसलेला असतो ती गाडी याच घाटाच्या जवळची. पोर्टलंडच्या बाजू सपाट. दिसायला ऑल्बनी देखणी, पण फुगीर बाजूंसाठी फळ्या दोन दिशांना वाकवाव्या लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने सपाट बाजू घ्यावी आणि त्यांच्या कडांना वळणदार आकार द्यावा. दहा पावलांवरून कुणालाही फरक कळत नाही.

दोन मुलं आत बसून फोटो काढू शकतील आणि पाठीमागे भेटींची पोती ठेवता येतील, इतकी ही गाडी मोठी आहे. घसरपट्ट्यांची लांबी १८० सेंमी, दोन पट्ट्यांमधलं अंतर मध्य ते मध्य ६० सेंमी, वरच्या पेटीची लांबी १२५ सेंमी. पेटीच्या बाजू पुढे ४५ सेंमी उंच, मध्ये खोलगट, मागे ७५ सेंमी. आतल्या तळापासून बैठक ३५ सेंमीवर, पाठ १० ते १५ अंश मागे कललेली. मऊ लाकडात केली तर सगळं मिळून वजन ५० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दोन माणसांचं ओझं. म्हणून पेटी आणि सांगाडा वेगळे करता येतील असंच बांधा. मी पहिल्या वेळी सगळं एकसंध चिकटवलं आणि मग ते धूड ठेवायला जागा शोधत बसलो.

ही गाडी उभी करायची आहे. घोडा किंवा मोटार जुंपून माणसं ओढायची असतील तर सांध्यांचा आणि लोखंडी आधारांचा हिशेब वेगळा असतो, तो या लेखात नाही.

दोन ओंडके

एक सरळ हवा, एक वाकडा. सरळ ओंडका २.५ मीटर लांब आणि ४० सेंमी व्यासाचा असला तर पेटी, तळ, बैठक सगळं त्यातून निघतं. त्याचं घनफळ ०.३१ घनमीटर होतं. चेनसॉने कापल्यावर निम्मं हाती लागलं तरी पुरतं. यासाठी पाइन, स्प्रूस, सीडार यांसारखं हलकं लाकूड बरं. घसरपट्ट्यांसाठी मात्र ओक, अ‍ॅश, एल्म असं चिवट लाकूड मिळालं तर उत्तम.

वाकडा ओंडका शोधताना झाडाच्या बुंध्याशी पाहा. उतारावर वाढलेली झाडं मुळाजवळ बाक घेऊन सरळ वर जातात. तो बाक बरोबर घसरगाडीच्या नाकाचा असतो. जाड फांदीचंही चालतं. व्यास २५ ते ३० सेंमी पुरे. पुठ्ठ्यावर नाकाचं वळण पूर्ण मापात कापून बरोबर ठेवा आणि ओंडक्यावर धरून बघा. डोळ्याने अंदाज करायला गेलात तर प्रत्येक वाकडा ओंडका योग्यच वाटतो. चित्रातल्यासारखी पूर्ण गुंडाळी झाडात मिळत नाही, तिचा नाद सोडा. शेवटचा गोल तुकडा नंतर वेगळा जोडता येतो, कारण त्यावर भार येत नाही.

झाड पाडल्या दिवशीच ओंडक्याची दोन्ही तोंडं मेणाने किंवा जाड रंगाने बंद करा. लाकूड तोंडाकडून सर्वांत वेगाने वाळतं आणि तिथूनच भेगा आत शिरतात. घराजवळच्या झाडात जुना खिळा, तार, झोपाळ्याचा हुक हमखास सापडतो. धातुशोधक फिरवा. चेन एकदा खिळ्यावर गेली की तिचा दात न् दात पुन्हा घासावा लागतो.

चेनसॉला फळ्या पाडायची चौकट बसवून हे काम होतं. साधी चेन ओंडका आडवा तोडण्यासाठी असते, तिचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात. लांबीने कापायची चेन १० अंशांची. ती थोडी सावकाश जाते, पण फळीचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत येतो. ओंडका ४० सेंमीचा असेल तर इंजिन ७० सीसीच्या खाली नको. हे काम म्हणजे मिनिटामागून मिनिट पूर्ण वेगात चालणारं इंजिन, धूर आणि तोंडावर उडणारा भुसा. कानाला, डोळ्यांना आणि नाकाला संरक्षण, पायांना चेनसॉची खास पँट, आणि हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस. एकट्याने करू नका.

फळ्या २८ मिमी जाडीच्या पाडा. वाळून आणि रंधून २० मिमी उरतात. चेनसॉचा एक काप ८-९ मिमी लाकूड खातो, म्हणजे प्रत्येक फळीमागे जवळजवळ चौथा हिस्सा भुसा. बँडसॉची गिरणी भाड्याने मिळत असेल तर तिथे हा काप २-३ मिमीवर येतो. सरळ ओंडका तिकडे न्यायला काहीच हरकत नाही. वाकडा मात्र घरीच.

वाकड्याची रीत अशी. ओंडका जमिनीवर असा आडवा ठेवा की त्याचा बाक आकाशाकडे किंवा जमिनीकडे न जाता कुशीला जाईल, झोपलेल्या माणसाने गुडघे पोटाशी घ्यावेत तसा. पाचरी ठोकून पक्का करा. वर तीन-चार आडव्या पट्ट्या पाणसळीने एका पातळीत आणून स्क्रूने बसवा. त्यांच्यावर दोन सरळ फळ्या समांतर ठेवल्या की चौकटीला पहिल्या कापासाठी रूळ मिळतो. पहिला सपाट पृष्ठभाग तयार झाला की रूळ काढून टाका. आता चौकट त्या पृष्ठभागावरच टेकून चालेल आणि वळणाबरोबर तिला हळूहळू वळवत नेता येईल. कापामागे प्लास्टिकच्या पाचरी सरकवत जा, नाहीतर लाकूड मिटून चेनसॉचा पट्टा अडकतो.

झाडाचा गाभा, म्हणजे अगदी मधला ठिपका, ज्या फळीत येतो ती फळी फाटणार हे गृहीत धरा. म्हणून मधला ६० मिमीचा थर वेगळा काढा आणि त्याच्या लगतचा वरचा आणि खालचा असे ५० ते ५५ मिमीचे दोन थर घ्या. हे दोन थर म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. बाक तोच, गाठ त्याच उंचीवर, वळणाचा नखरासुद्धा तोच. पुस्तक उघडल्यासारखे ते दोन्ही जमिनीवर मांडाल तेव्हा डावी आणि उजवी घसरपट्टी तुम्हाला आपोआप दिसेल. या सगळ्या उद्योगातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच. मधल्या थरातला गाभा कापून टाकला की उरलेल्यातून खांब निघतात.

एक सावधगिरी. वाकलेल्या झाडाने स्वतःला सावरायला एका बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार केलेलं असतं आणि त्यात ताण साठलेला असतो. चौकटीतून सुटताच असा थर उसळतो, वाळताना लांबीतही आकसतो. म्हणून वाकड्या थरांना आत्ताच घसरपट्टीचा आकार देऊ नका. चारी बाजूंनी दोन-तीन सेंमी जास्त ठेवून ते तसेच वाळू द्या. जे वळायचं ते वळून होऊ दे.

थप्पी

लोक कापण्याबद्दल तासभर बोलतात आणि थप्पीबद्दल एक वाक्य. लाकूड बिघडतं ते थप्पीत.

जमिनीपासून ३० ते ४० सेंमी उंचीवर भक्कम, एका पातळीतले टेकू. त्यावर फळ्यांचा थर, मग आडव्या पट्ट्या, पुन्हा थर. पट्ट्या २० ते २५ मिमी जाडीच्या, सगळ्या एकाच मापाच्या आणि कोरड्या लाकडाच्या. दोन पट्ट्यांत ४० ते ५० सेंमी अंतर, आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. ती बाजूला सरकली तर वरच्या ओझ्याने मधली फळी वाकते आणि तशीच वाळून बसते. पहिली आणि शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी. वरून पत्रा, पत्र्यावर दगड. बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने सगळी थप्पी गुंडाळणाऱ्यांना मी पाहिलं आहे. महिन्याभरात आत निळी-काळी बुरशी धरते.

साल कापतानाच काढून टाका, किड्यांना तिच्याखाली घर मिळतं.

जुना ठोकताळा असा की हवेत वाळायला इंचभर जाडीला एक वर्ष. कठीण लाकडाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पाइनसारखं मऊ लाकूड उबदार, वाऱ्याच्या जागी काही महिन्यांत तयार होतं. म्हणजे या हिवाळ्यात ओंडका कापला तर पुढच्या नाताळाला गाडी उभी राहते. घसरपट्ट्यांचे जाड थर तोवर पुरते वाळणार नाहीत. त्याचा उपाय पुढे आहे, आणि उपाय कसला, तो फायदाच आहे.

ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ओव्हन पुरतात. फळीच्या टोकापासून ३० सेंमी आत जाऊन दोन-तीन सेंमी रुंदीची चकती कापा, लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांना, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा आधी १८६ ग्रॅम होती आणि नंतर १५८ झाली. फरक २८, त्याला कोरड्या वजनाने म्हणजे १५८ ने भागलं की १७.७ टक्के ओलावा. भागताना ओलं वजन घेण्याची चूक बहुतेक जण करतात आणि लाकूड आहे त्यापेक्षा कोरडं समजतात. बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला १४ ते १६ टक्के पुरे. घरातल्या फर्निचरसारखं ८ टक्क्यांपर्यंत नेलंत तर बाहेर ठेवल्यावर ती ओलावा पिऊन फुगेल.

फर्मा आणि घसरपट्ट्या

पातळ प्लायवर घसरपट्टी आणि पेटीची बाजू दोन्ही पूर्ण मापात आखा. वळण हाताने काढू नका. तीन खिळ्यांना टेकवून लवचिक पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. हाताच्या वळणात नजरेला खटकणारा कोनाडा राहतोच. फर्मा भिंतीला टेकवून दोन दिवस येता-जाता बघा. माझं नाक पहिल्या आखणीत नेहमी बुटकं पडतं. जमिनीपासून ४५ सेंमी वर गेलं की शोभतं.

आता वाळलेला जाड थर घ्या. त्यावर फर्मा सरकवत, फिरवत अशी जागा शोधा जिथे लाकडातल्या रेषा वळणाबरोबर सर्वांत लांबपर्यंत धावतात. गाठ आलीच तर ती सपाट भागात येऊ दे, नाकात नको. घसरपट्टीची उंची ९० मिमी, जाडी रंधून ४० मिमी. आधी रंधून सपाट करा, मग कापा. बँडसॉ असेल तर तिने, नसेल तर जिगसॉने सावकाश. दोन्ही पट्ट्या कापून झाल्या की शिकंज्यात एकत्र आवळा आणि वरची कड एकदमच तासून घ्या, म्हणजे जोडी तंतोतंत जुळते.

नाकाची शेवटची गुंडाळी हवी असेल तर तिचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याचा उतार जाडीच्या आठपट लांब, म्हणजे ४० मिमीला ३२ सेंमी. गोंद पाण्यात टिकणारा असावा.

वाकडा ओंडका मिळालाच नाही तर पातळ पट्ट्या चिकटवून घसरपट्टी करता येते. ४ मिमी जाडीच्या, गाठ नसलेल्या पट्ट्या कोरड्याच ४० सेंमी त्रिज्येत वाकतात. १२ पट्ट्या एकावर एक म्हणजे ४८ मिमी उंची होते, तेवढी पुरते. भक्कम साच्यावर शिकंजे पंजाभर अंतरावर लावा आणि एपॉक्सी वापरा. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. साच्यातून सुटल्यावर पट्टी थोडी उलगडते, म्हणून साचा हव्या त्यापेक्षा किंचित जास्त वळलेला ठेवा. पद्धत चांगली आहे, मी मन लावून एकदा केलीही. पण बारा पट्ट्या, चोवीस पृष्ठभाग आणि हाताला चिकटलेलं एपॉक्सी आठवलं की मी पुन्हा पुठ्ठा घेऊन ओंडके शोधायला निघतो.

पट्टीच्या तळाला २० मिमीची वेगळी फळी स्क्रूने लावा, गोंद न लावता. जमिनीतलं पाणी तीच पिईल, दोन-तीन वर्षांनी तीच बदलायची. बर्फावरून गाडी खरंच सरकवायची असेल तर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव द्या, ३ मिमी जाड आणि ३० मिमी रुंद, स्क्रूची डोकी आत बुडतील अशी.

सांगाडा

प्रत्येक घसरपट्टीवर तीन खांब, ४० × ६० मिमीचे. जोड कुसू आणि खाचेचा. कुसू म्हणजे खांबाच्या टोकाला कापलेली जीभ, ती जिथे सुरू होते तो खांदा. कुसू लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे १३ मिमी, आणि लांबी ४५ मिमी. खाच आरपार नेऊ नका, आरपार गेली की खालून पाणी वर चढतं.

मघाचा उपाय तो हा. खांब शक्य तेवढे कोरडे करा. कापून तयार झाल्यावर आठ-दहा दिवस घरातल्या उबदार जागी ठेवा. घसरपट्टी अजून १८-२० टक्के ओली असली तरी चालेल. कोरडा कुसू ओलसर खाचेत ठोकला की तो हवेतला आणि खाचेतला ओलावा घेऊन फुगतो, आणि खाचेच्या भिंती वाळता वाळता आकसून त्याला धरतात. ओल्या लाकडाच्या खुर्च्या करणारे कारागीर हेच करत आले आहेत. उलट केलंत, ओला कुसू कोरड्या खाचेत, तर वर्षभरात खांब दातासारखा हलू लागेल.

ओलसर लाकडात गोंदावर विसंबू नका. आरपार १० मिमीची लाकडी मेख मारा. मेखेचं भोक कुसूमध्ये खांद्याच्या दिशेला दीड-दोन मिमी सरकवून पाडा. मेख ठोकताना ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू पाहते आणि सांधा करकचून ओढून घेते. तो आवाज कानाला कळतो. हातोडीचा टणटण आवाज बसका होतो, तिथे थांबा. त्यापुढचा एक ठोका हौसेचा असतो आणि मेख फोडतो.

खांबांच्या डोक्यावर ४० × ७० मिमीच्या तीन आडव्या तुळया, प्रत्येकी ७० सेंमी. इथेही कुसू आणि मेख. जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. ३-४ मिमीहून जास्त फरक असेल तर गोंद आणि मेखा बसण्याआधी दोरीने ओढून नीट करा.

हा सांगाडा पुढे-मागे डुलतो. खांब आखूड असले तरी डुलतो. त्याला कोपरे लागतात, आणि वाकड्या ओंडक्याचे उरलेले तुकडे त्यासाठीच असतात. पुढच्या आणि मागच्या खांबाला, तुळईच्या खाली, बाकदार तुकडा लावा. दिसायलाही ते नक्षीसारखे दिसतात. स्क्रू आणि बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे. ओकसारख्या लाकडात साधं लोखंड घातलं तर लाकडातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होऊन शाईसारखे काळे ओघळ येतात आणि रंगातूनही डोकावतात.

पेटी

बाजूच्या ७५ सेंमी उंचीसाठी १५ सेंमीच्या पाच फळ्या आडव्या लागतात. त्या एकमेकींना चिकटवून एकच मोठा पाट करण्याचा मोह होईल. तो आवरा, आणि का ते हिशेबाने बघा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साध्या कापाच्या फळीची रुंदी ओलाव्यातल्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे पाव टक्का बदलते. पावसाळी आणि कोरड्या दिवसांत ओलाव्याचा फरक ६ टक्के पडला तर १५ सेंमीच्या फळीत सव्वादोन मिमी. पाच फळ्यांच्या अखंड पाटात तो ११ मिमीच्या पुढे जातो. उभ्या पट्ट्यांना स्क्रूने जखडलेला पाट इतका हलू शकला नाही की मधोमध फाटतो, आणि भर थंडीत रात्री बंदुकीसारखा आवाज करून फाटतो.

म्हणून फळ्यांच्या कडांना अर्ध्या जाडीची खाच पाडा, एकीची कड दुसरीवर चढेल अशी, आणि मध्ये २-३ मिमी फट सोडा. मागून तीन उभ्या पट्ट्या. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर दोन स्क्रू. खालचं भोक घट्ट, वरचं लांबट, वायसर घालून. फळी वरच्या बाजूला मोकळी होते आणि कुणाला दिसतही नाही. झाडाच्या गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवली तर फळीची पन्हळ झाली तरी कडा आतल्या पट्ट्यांवर दाबून बसतात.

दोन्ही बाजू सरळ चौकोनी तयार झाल्या की पाठीला पाठ लावून आवळा, फर्मा ठेवा आणि पेटीचा डौल एकदमच कापा. स्क्रू त्या रेषेत येणार नाहीत हे आधी बघा. मी नाही बघितलं, दोन पाती गमावली. कडा कानशीने गोल करा. मुलं त्यांना धरूनच चढतात.

तळाच्या फळ्या लांबीने, मध्ये ५ मिमी फट ठेवून, पाणी निथळायला. बैठक आणि पाठ यांत विशेष काही नाही, दोन्हीकडे आतून आधारपट्टी आणि वर फळ्या. बैठकीचं झाकण बिजागरीवर ठेवलंत तर आत दिव्यांच्या तारा आणि बोल्ट राहतात.

समोरची वळलेली भिंत पाहून लोक विचारतात, फळी वाफेवर वाकवली का. नाही. ४० मिमी रुंदीच्या, १८ मिमी जाडीच्या अरुंद पट्ट्या आडव्या, एकीला लागून एक, पिंपाच्या फळ्यांसारख्या. बाजूंच्या आतून वळणाला धरून कापलेली दोन बोटं रुंदीची आधारपट्टी लावा आणि पट्ट्या तिच्यावर स्क्रूने बसवा. नुसत्या पट्ट्या ठेवल्या तर बाहेरून त्यांच्यात फटी उघडतात, म्हणून कडा आतल्या अंगाला थोड्या तासायच्या. ४० सेंमी त्रिज्येच्या वळणाला प्रत्येक कडेला ३ अंश. रंध्याचे तीन-चार हात. पहिल्या दोन पट्ट्या मोजून करा, नंतर हाताला सवय होते. कोपऱ्यातून कानस फिरवली की पट्ट्या दिसेनाशा होऊन वळण दिसतं.

पेटी तुळयांवर ८ मिमीच्या सहा बोल्टांनी बसते. तुळईतली भोकं १० मिमीची पाडा, लाकूड हलायला तेवढी ढिलाई हवी.

रंग

स्वच्छ व्हार्निश लावून लाकूड दाखवायचं मनात येतं. बाहेर उन्हात ते सोलून निघतं. लाल रंगच बरा.

पाइनच्या गाठींवर आधी चपड्याचे म्हणजे लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा. नाहीतर गाठीतला चीक पहिल्याच उन्हाळ्यात रंगातून पिवळा डाग होऊन वर येतो, वरून कितीही हात दिलेत तरी. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. आतली बाजूही तितकीच रंगवा. एकाच बाजूने ओलावा शिरला की फळी वाकते. फळ्यांची कापलेली तोंडं तहानलेली असतात, त्यांना तीन हात द्या. खाचांच्या आतल्या कडा जोडण्यापूर्वी रंगवा, नाहीतर लाकूड आकसल्यावर लालमध्ये पांढऱ्या रेघा उमटतात. पाण्याचे रंग १० अंशांखाली नीट बसत नाहीत, तेव्हा रंगाचं काम शरद ऋतूतच उरका.

घसरपट्ट्यांना मी रंग देत नाही, उकळलेलं जवस तेल देतो. ते वळण झाकावंसं वाटत नाही. तेलात भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं, आणि बोळा केलेली चिंधी कुणी काडी न लावता पेटते. बाहेर दोरीवर पसरून कडक वाळू द्या किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाका.

उभी करताना, उतरवताना

गवतावर थेट ठेवू नका. घसरपट्ट्यांच्या खाली खांबांच्या रेषेत विटा किंवा रबराचे तुकडे सरकवा, हवा खेळली पाहिजे. वारा जोराचा असेल तर मधल्या तुळईला दोरी बांधून जमिनीत खुंटी मारा. रिकामी पेटी शिडासारखी वारा धरते. नाकाला धरून उचलू नका, हे सांगायला नको, पण उचललंच तर आता ते टिकतं. दुसऱ्या गाडीच्या नाकावर एका पाहुण्यांचा सात वर्षांचा मुलगा लोंबकळला होता. मी धावत पोचलो तोवर तो खाली उतरून दुसऱ्या नाकाकडे निघाला होता.

जानेवारीत सहा बोल्ट सोडा. पेटी उभी करून भिंतीला टेकवा, सांगाडा वर आढ्याला दोन दोरांवर टांगा. बोल्ट, वायसर आणि पाना बैठकीखालच्या डब्यात. मी एका वर्षी ते कपाटात सुरक्षित ठेवले होते, अजून सापडलेले नाहीत.